पोथी हजर करा

धुळ्याहून सोलापूरला जाणारा महामार्ग आणि नगरहून अहमदपूरकडे जाणारा रस्ता बालाघाटाच्या डोंगरात, मांजरसुंब्याला, एकमेकांना छेदतात. जाणाऱ्या-येणाऱ्याला हा एक चौक वाटतो. जुन्या मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाने मात्र इथे थांबून चारी दिशांना पाहावे. उत्तरेला घाट उतरला की बीड आणि तिथले पाटांगण. पूर्वेला नेकनूर, केज मागे टाकले की मुकुंदराज-दासोपंतांचे अंबाजोगाई. जवळच डोंगराच्या कुशीत मन्मथस्वामींचे कपिलधार, आणि बीडच्याही पलीकडे गोदाकाठी महानुभावांचे पांचाळेश्वर. एवढ्याशा टापूत मराठी हस्तलिखितांच्या इतिहासातली इतकी ठिकाणे दाटीने बसलेली आहेत. संशोधन मांडताना ज्याच्यावर ते उभे आहे ते साधनही मांडावे लागते का, या प्रश्नाची मराठीतली सर्वांत मोठी किंमत याच टापूतल्या एका पोथीने मोजली. डिजिटल जतनाच्या परिषदांना निबंध पाठवण्याची जी नवी रीत आता आपल्याकडे रुजते आहे, तिच्याकडे या पोथीच्या बाजूने पाहिले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

आधी ही नवी रीत कोणती ते थोडक्यात. ब्रिटनमध्ये २००४ साली डिजिटल क्युरेशन सेंटर सुरू झाले आणि २००५ मध्ये बाथ शहरात या विषयाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. पुढच्याच वर्षी या विषयाचे स्वतंत्र नियतकालिक निघाले. विषय असा की संगणकावर उतरवलेली कागदपत्रे, छायाचित्रे, मोजमापे, ध्वनिफिती पन्नास वर्षांनीही उघडता याव्यात, वाचता याव्यात आणि त्यांच्यावर विश्वास ठेवता यावा. त्यासाठी नुसता निबंध चालत नाही. साधन कुठून आले, कोणाच्या ताब्यात होते, नक्कल कोणी व कशी केली, त्यात पुढे काय बदलले, ते कुठे ठेवले आहे आणि दुसऱ्याला पाहायचे असेल तर कोणाकडे जायचे, हे सांगावे लागते. अंतराळ संशोधन करणाऱ्या संस्थांनी दीर्घकालीन जतनाचा जो आराखडा केला व जो २००३ मध्ये आयएसओ मानक म्हणून मान्य झाला, त्यात तर अभिलेखागाराकडे वस्तू सोपवताना तिची माहितीही त्याच गठ्ठ्यात बांधून द्यावी लागते. वस्तू एकीकडे आणि तिचे वर्णन दुसरीकडे, असे चालत नाही. आपल्याकडच्या प्राध्यापकांना हा सगळा परदेशी कारकुनी सोस वाटतो. तसा तो वाटू नये, याचे कारण पाटांगणात आहे.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरीची एक प्रत छापून प्रसिद्ध केली. तिचा आधार होता बीडच्या पाटांगणात मिळालेली एक पोथी. ज्ञानदेवांनी ग्रंथ पुरा केला शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली. एकनाथांनी तो शुद्ध केला शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली. या दोन तारखांच्या मध्ये जवळजवळ तीनशे वर्षांची पोकळी आहे आणि महाराष्ट्र जी ज्ञानेश्वरी पिढ्यानपिढ्या वाचत आला ती एकनाथांच्या हातून गेलेली. राजवाड्यांचे प्रतिपादन असे होते की आपली पोथी एकनाथांच्या आधीची, किंबहुना ज्ञानदेवांच्या काळाच्या अगदी निकटची आहे. शब्दांची रूपे, विभक्तीचे प्रत्यय, क्रियापदे या सगळ्यांत त्यांना जुनी मराठी जिवंत दिसली. त्यांनी त्याच वर्षी याच पोथीच्या जोरावर ज्ञानेश्वरीतल्या मराठी भाषेचे व्याकरण लिहिले. मराठीचा ऐतिहासिक भाषाभ्यास ज्या थोड्या पुस्तकांपासून सुरू होतो त्यांत ते मोडते. पुढे १९६० साली महाराष्ट्र शासनाने ज्ञानेश्वरी काढली तीही राजवाडे-संहितेचा आधार घेऊन. म्हणजे पाटांगणच्या एका पोथीवर एक संहिता, तिच्यावर एक व्याकरण, त्याच्यावर भाषेच्या इतिहासाचे कितीतरी निष्कर्ष, अशी माडीवर माडी चढत गेली. आणि पाया? ती पोथी नंतरच्या अभ्यासकांच्या हाती आली नाही. राजवाड्यांनी संतापाच्या भरात तिचा नाश केला, अशी हकीकत सांगितली जाते. त्यांच्या स्वभावाला ती शोभते म्हणून ती चटकन खरी मानली जाते, एवढेच तिच्याविषयी म्हणता येईल. खरी असो वा नसो, परिणाम एकच झाला. पोथीचा कागद कोणता, अक्षराचे वळण कोणत्या शतकातले, शेवटच्या पानावर लेखकाचे नाव व मिती होती का, खाडाखोड कुठे होती, हरताळ फासून कोणत्या ओळी झाकल्या होत्या, हे तपासण्याची सोय संपली. ज्यांनी पोथीच्या जुनेपणावर शंका घेतली त्यांना ती सिद्ध करता येईना आणि ज्यांनी विश्वास ठेवला त्यांनाही तो सिद्ध करता येईना. शंभराहून अधिक वर्षे हा वाद दोन्हीकडून केवळ छापील अक्षरावर चालला आहे.

यातली विसंगती अशी की निबंधाबरोबर साधन हजर करण्याची शिस्त महाराष्ट्राला ज्यांनी लावली त्यांत राजवाडेच अग्रभागी होते. ज्ञानेश्वरी छापल्यानंतर वर्षभरात, ७ जुलै १९१० रोजी, खंडेराव मेहेंदळे यांच्यासह त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. मंडळाच्या सभेत सभासदाने टिपण वाचायचे आणि ज्या कागदावरून ते लिहिले तो कागद पुढे ठेवायचा किंवा त्याची बरहुकूम नक्कल छापायला द्यायची, कोणाच्या दप्तरातला हे सांगायचे, अशी वहिवाट पडली. मंडळाची इतिवृत्ते आणि संमेलनवृत्ते चाळली तर टिपणापेक्षा खाली जोडलेले मूळ पत्र मोठे, असे पानोपानी दिसते. १८९८ पासून राजवाड्यांनी स्वतः ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावाने जे बावीस खंड काढले, त्यांच्या नावातच भर इतिहासावर नसून साधनांवर आहे हे ध्यानात घेण्यासारखे आहे. ही हवा पुढच्या दशकात देशभर पसरली. १९१९ च्या नोव्हेंबरात पहिली अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषद पुण्यात भरली, त्याच वर्षी सरकारने भारतीय ऐतिहासिक अभिलेख आयोग नेमला आणि त्या आयोगाच्या अधिवेशनांत निबंधवाचनाच्या जोडीला मूळ कागदांचे प्रदर्शन मांडायची प्रथा होती. १९३५ साली मंडळाच्या पुढाकाराने पुण्यातच इतिहास परिषदेचे पहिले अधिवेशन झाले. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली तेव्हा प्रत्येक हस्तलिखिताला सांकेतिक अक्षर दिले, त्याचे वर्णन प्रस्तावनेत दिले आणि प्रत्येक पाठभेद कोणत्या पोथीतला ते तळटीपेत नोंदले. १९६६ साली ती आवृत्ती पुरी झाली. आज त्यातला एखादा पाठ कोणाला चुकीचा वाटला तर भांडण्यासाठी सारा दारूगोळा संपादकांनीच त्याच्या हाती ठेवला आहे. पाटांगणच्या पोथीबाबत नेमके हेच झाले नाही.

ही शिस्त पुण्यातल्या इंग्रजी शिकलेल्यांनी बाहेरून आणली, असेही कोणी म्हणेल. ते अर्धेच खरे आहे. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांच्या आठवणी ‘लीळाचरित्रा’साठी जमवताना म्हाइंभटांनी ज्याने जे पाहिले-ऐकले त्याला गाठून विचारले, नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतले आणि जिथे दोघांच्या सांगण्यात फरक पडला तिथे कोणाची आठवण कोणती हेही नोंदवले. ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत पुढच्या धामधुमीत हरवली व पंथातल्या लोकांनी ती आठवणीतून पुन्हा उभी केली, असे परंपरा सांगते. त्यामुळे वेगवेगळे पाठ झाले आणि पंथाने ते पाठ ज्याच्या-त्याच्या नावाने सांभाळले. तेराव्या शतकातल्या या माणसांनी सांगणाऱ्याचे नाव सांगितलेल्या गोष्टीपासून तुटू दिले नाही. याउलट एकनाथ. त्यांनी पैठणला निरनिराळ्या प्रती समोर ठेवून ज्ञानेश्वरी शुद्ध केली, तिथी-शक लिहून ठेवला आणि पुढे कोणी आपली ओवी त्यात घुसडू नये अशी कडक ताकीदही दिली. संपादक म्हणून हे फार मोठे काम आहे. पण कोणत्या प्रती पाहिल्या, त्यांतले काय टाकले आणि का टाकले, हे त्यांनी नोंदवले नाही. नोंदवले असते तर राजवाड्यांच्या पोथीची पारख करायला निदान एक कसोटी उरली असती. म्हणजे नोंद ठेवणारी आणि न ठेवणारी, अशा दोन्ही परंपरा आपल्या घरच्याच आहेत. निवड आपल्याला करायची आहे.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. राजवाड्यांनी ती पोथी छापली नसती, वर्णनाचे सोपस्कार पुरे होईपर्यंत बाजूला ठेवली असती, तर आज आपल्याकडे पोथीही नसती आणि संहिताही नसती. छपाई हेच त्या काळचे जतन होते आणि ते त्यांनी केले, मग तक्रार कसली? आक्षेप मला मान्य आहे, पण त्यातून निष्कर्ष निघतो तो वेगळा. संहिता वाचली, निर्णय करण्याची शक्ती गेली. जुन्या ग्रंथांच्या अभ्यासात नुसती संहिता पुरत नाही, याचा दुसरा दाखला अंबाजोगाईतच आहे. ‘विवेकसिंधू’ शके १११० मधला, म्हणून मुकुंदराज मराठीचे आद्यकवी, हे आपण शाळेत शिकलो. हा शक ज्या ओवीवर उभा आहे ती ओवी आपल्यापर्यंत बऱ्याच नंतरच्या पोथ्यांतून आली, आणि म्हणून अभ्यासकांनी तिच्यावर शंका घेतली. मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईची की विदर्भातल्या अंभोऱ्याची, हा वादही असाच अनेक वर्षे चालला. इथे ग्रंथ हाती आहे, छापलेला आहे, लोकांना पाठ आहे. अडते ते प्रतीपाशी. कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरली, ती ओवी किती पोथ्यांत आहे, किती जुन्या पोथीत आहे, याचा ताळा लागल्याशिवाय प्रश्न सुटत नाही. भाषेच्या पहिल्या कवीचा मान ज्या ओळीवर ठरतो, तिची वंशावळ मांडायला किती थोडे लोक पुढे आले हे पाहिले की आपला अभिमान किती स्वस्त आहे ते कळते.

दुसरा आक्षेप श्रद्धेच्या बाजूने येतो. दासोपंतांची पासोडी पाहा. सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद कापड, त्यावर पंचीकरणाचा विषय ओव्यांत लिहिलेला. दासोपंत १६१५ साली गेले. चारशे वर्षे उलटली तरी ते कापड अंबाजोगाईत आहे. ते कोणत्याही परिषदेने राखले नाही, देवघराने राखले. कपिलधारला कार्तिकात दिंड्या-पालख्या येतात आणि मन्मथस्वामींच्या ‘परमरहस्या’ची पारायणे गावोगाव होतात. तो ग्रंथ लोकांच्या जिभेने जपला. मग ज्यांनी शतकानुशतके सांभाळले त्यांना परक्या परिषदेसाठी तक्ते भरायला का सांगावे? प्रश्न रास्त आहे. शिवाय मठांचा आणि घराण्यांचा अनुभव असा की संशोधक येतो, पोथी मागतो, घेऊन जातो आणि परत येत नाही. पाटांगणची कथा त्यांनाही ठाऊक असणारच. पण श्रद्धा वस्तू राखते, वस्तूविषयीची माहिती राखेलच असे नाही. घरातले एका पिढीचे वडीलधारे माणूस गेले की कोणती पोथी कोणत्या सुनेच्या माहेरहून आली, कोणती मूळ आणि कोणती नक्कल, हे त्याच्याबरोबर जाते. रुमालात बांधलेले गाठोडे तसेच राहते, फक्त मुके होते. आणि नव्या शास्त्राला मालकाचा हक्क मान्य नाही, हाही समज चुकीचा आहे. समाजाची सामग्री समाजाच्या संमतीने, त्याच्या हिताला धरूनच उघडावी, अशी तत्त्वे २०१९ पासून या क्षेत्रात पुढे आली आहेत. पोथीचे चित्र जगाला न दाखवता तिचे वर्णन तेवढे जाहीर करता येते. राजवाड्यांनी महानुभावांची सांकेतिक लिपी उलगडली त्या काळी ही मधली वाट कोणाच्या ध्यानात नव्हती. आज ती आहे.

तिसरे म्हणणे हल्ली फार ऐकू येते. आता मोबाइल आहे, स्कॅनर आहे, पोथीचे फोटो काढले की जतन झाले. हा भ्रम आहे, आणि घातक आहे. एका चित्रात दोन पत्रे, शेजारी मोजपट्टी नाही, पान उलटे, फाइलचे नाव यंत्राने दिलेला एक आकडा, आणि कोणत्या गावच्या कोणत्या घरातली पोथी हे फक्त फोटो काढणाऱ्याला माहीत. असे हजार फोटो म्हणजे हजार अनोळखी पाने. मराठी लोकांना तर संगणकावरचा मजकूर किती नाशवंत असतो हे कोणी सांगायला नको. युनिकोडची सवय लागण्याआधी दीड-दोन दशके आपण श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा निरनिराळ्या सॉफ्टवेअरच्या फाँटांत टाइप करत होतो. त्या फाइली आज उघडल्या तर ओळीच्या ओळी निरर्थक चिन्हांच्या दिसतात. कितीतरी नियतकालिकांचा, प्रबंधांचा, संपादित ग्रंथांचा मजकूर असा अडकून पडला आहे. कोणता फाँट वापरला एवढी एक नोंद ठेवली असती तर बराचसा परत मिळवता आला असता. चारशे वर्षांपूर्वीची पासोडी वाचता येते आणि पंचवीस वर्षांपूर्वीची फाइल वाचता येत नाही, यात कापडाचा चांगुलपणा कमी आणि आपला निष्काळजीपणा जास्त आहे. डिजिटल जतनवाले प्रत्येक फाइलीचा चेकसम काढून ठेवतात. फाइलीतल्या सगळ्या मजकुरावरून निघणारा तो एक आकडा असतो आणि एक अक्षर बदलले तरी आकडा बदलतो. जुना लेखक पोथीच्या शेवटी पत्रसंख्या आणि ओवीसंख्या मांडत असे ती याच हिशेबाने, एखादे पत्र गळले तर कळावे म्हणून.

राहिला पोटापाण्याचा आक्षेप. परिषदा या बढतीसाठी असतात, विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमांत गुणांची मोजणी आणली तेव्हापासून निबंधांचा पूर आला, त्यात आणखी एक परिषद कशाला? शिवाय त्या परिषदा इंग्रजीत, शुल्क डोळे पांढरे करणारे, केजच्या किंवा पाटोद्याच्या महाविद्यालयातल्या शिक्षकाने तिथवर कसे पोचावे? यातला बराच भाग खरा आहे आणि त्याला गोंडस उत्तर नाही. पण गुणांसाठी लिहिलेला निबंध वाईट ठरतो तो मुख्यतः त्याचा पडताळा घेता येत नाही म्हणून. जिथे साधन हजर केल्याशिवाय निबंध घेत नाहीत तिथे पोकळ निबंध पाठवणे उलट अवघड जाते. शुल्काचा प्रश्न परिषदेला जाण्यापुरता आहे. वर्णन तयार करायला शुल्क लागत नाही, इंग्रजीही लागत नाही. पोथीची वर्णनसूची मराठीतच अधिक नेमकी होते, कारण बोरू, हरताळ, समास, पत्रे, रुमाल ही सगळी शब्दसंपत्ती आपल्याकडे तयार आहे. राष्ट्रीय पांडुलिपी मिशन २००३ पासून अशा नोंदी गोळा करत आले आणि २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ज्ञान भारतम् मिशन जाहीर झाले, त्याचे लक्ष्य एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण व जतन हे आहे. एवढे मोठे लक्ष्य गाठायचे तर संख्या भरण्याची घाई होणार, आणि घाईत पहिला बळी वर्णनाचाच जातो. ते सांभाळायचे तर दिल्लीकडे पाहून चालणार नाही, घाटावरच्या आणि घाटाखालच्या महाविद्यालयांतूनच माणसे उभी राहिली पाहिजेत.

तेव्हा मराठवाड्यातल्या मराठी आणि इतिहास विभागांना एवढेच सांगणे आहे. कोणत्याही परिषदेला सारांश पाठवण्याआधी पोथीच्या मालकाची लेखी संमती घ्या. पत्रे मोजा, लांबी-रुंदी घ्या, प्रत्येक पानावरच्या ओळी मोजा, शेवटच्या पानावरचा मजकूर अक्षरशः उतरवा. पोथी घरात कशी आली ते घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला विचारून त्याच्याच शब्दांत लिहा. फाइलीला गावाचे, घराण्याचे आणि पत्राच्या क्रमांकाचे नाव द्या. या नोंदीची एक प्रत घरमालकाला, एक महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला आणि एक विद्यापीठाला द्या, आणि पोथी जिथली तिथे परत बांधून ठेवा. निबंध त्यानंतर लिहा.